मावळची कथनपरंपरा आणि मालिकांतील अभिनेत्री : मृणाल कुलकर्णी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कण्याला टेकून वसलेल्या मावळ तालुक्याचा इतिहास सामान्यतः कार्ले-भाजे-बेडशाची लेणी, लोहगड-विसापूर-तुंग-तिकोना-राजमाची हे किल्ले आणि बोरघाटातून कोकणात उतरणारा व्यापारी मार्ग यांच्या आधारे लिहिला जातो. डोंगररांगांच्या मधल्या खोऱ्यांना मावळ म्हणण्याची जुनी रीत आहे आणि शिवकालात नावारूपाला आलेल्या बारा मावळांपैकी आंद्रा, इंद्रायणी आणि पवना या नद्यांच्या काठची आंदर, नाणे आणि पवन ही तीन मावळे आजच्या तालुक्यात मोडतात. या भूमीवर जे घडले त्याचा अभ्यास झाला आहे; परंतु जे घडले ते पुढच्या पिढ्यांना कोणी, कोणत्या माध्यमातून आणि कोणत्या आवाजात सांगितले, याचाही एक इतिहास आहे आणि तो तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. पोवाडा आणि कीर्तन यांच्यापासून ऐतिहासिक कादंबरी, तिचे जाहीर वाचन आणि अखेरीस दूरचित्रवाणीवरील मालिका असा हा प्रवास आहे. त्याच्या शेवटच्या टप्प्यांवर मृणाल देव-कुलकर्णी या अभिनेत्रीची कारकीर्द उभी आहे. त्यांचे शिक्षण आणि वास्तव्य पुण्याचे असले, तरी आजोळ तळेगाव दाभाडे येथील आहे आणि त्यांच्या अभिनयाची घडण समजून घ्यायची तर आरंभ या आजोळापासूनच करावा लागतो.

मृणाल यांचे आजोबा आणि तळेगावात दीर्घकाळ वास्तव्य केलेले लेखक गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे वाचकांचे 'गोनीदा', हे मूळचे विदर्भातले. १९१६ साली परतवाड्यात जन्मलेल्या या मुलाने वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यचळवळीत उडी घेतली. पुढे गाडगे महाराजांचा सहवास, संतवाङ्मयाचे अध्ययन आणि नर्मदेची परिक्रमा अशी वळणे घेत हा भटका जीव तळेगावी स्थिरावला. गाडगे महाराजांच्या कीर्तनात श्रोत्याला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेण्याची जी पद्धत होती, तिचा ठसा गोनीदांच्या गद्यावर स्पष्ट दिसतो, कारण त्यांचे वाक्य डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकण्यासाठी रचलेले असते. कर्ता शेवटी टाकणे, क्रियापदाची पुनरुक्ती करणे, बोलीतला हेल जसाच्या तसा ठेवणे ही त्यांच्या शैलीची वैशिष्ट्ये कागदावर क्वचित कृत्रिम वाटतात. तीच मोठ्याने वाचली की ओघवती होतात. 'स्मरणगाथा' या आत्मचरित्रात्मक लेखनासाठी त्यांना १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, परंतु मावळच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांचे दुर्गविषयक लेखन आणि या परिसरात घडणाऱ्या कादंबऱ्या.

'पवनाकाठचा धोंडी' ही तुंगच्या परिसरातील, जुन्या मानमरातबाची आठवण उराशी बाळगणाऱ्या एका कुटुंबाची कथा आहे, तर 'माचीवरला बुधा' ही मुंबईचे जगणे मागे टाकून राजमाचीवर परतणाऱ्या वृद्धाची. या दोन्ही कादंबऱ्यांतील किल्ला हा लढाईचे ठिकाण म्हणून येत नाही. त्याच्या माचीवर भात पिकते, गुरे चरतात, पावसाळ्यात चार महिने वाट बंद होते आणि गडाची जुनी कामगिरी घराण्याच्या नावापुरती उरलेली असते. इतिहास म्हणजे आजही ज्याच्या पायथ्याशी माणसे राहतात अशी जागा, ही जाणीव गोनीदांनी मराठी वाचकाला दिली. शिवकालावरील त्यांच्या कादंबऱ्यांतील जिजाऊ, मावळे आणि गडकरी यांच्या बोलण्यातही राजसभेच्या भाषेपेक्षा याच खोऱ्यांची बोली अधिक ऐकू येते. त्यांच्या लेखनावरून 'देवकीनंदन गोपाला' आणि 'जैत रे जैत' हे दोन महत्त्वाचे चित्रपट १९७७ च्या सुमारास निघाले, यावरूनही या गद्यातील दृश्यशक्तीचा आणि श्राव्यतेचा अंदाज येतो.

या श्राव्यतेतूनच अभिवाचनाचा उपक्रम निघाला. अभिवाचन म्हणजे एखाद्या साहित्यकृतीचे, तिची संहिता हातात ठेवून, दोन-चार वाचकांनी पात्रे वाटून घेऊन श्रोत्यांसमोर केलेले वाचन होय. त्यात वेशभूषा नसते, नेपथ्य नसते, वाचक जागचा उठत नाही आणि तरीही ते साधे पुस्तकवाचन नसते. गोनीदांच्या कन्या डॉ. वीणा देव या मराठीच्या प्राध्यापक आणि लेखिका, तर जावई डॉ. विजय देव हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि दुर्गांचे अभ्यासक. या दांपत्याने गोनीदांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग अनेक वर्षे महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर केले आणि पुढे त्यांच्या कन्या मृणाल आणि मृणाल यांचे पती रुचिर कुलकर्णी हेही त्यात वाचक म्हणून सहभागी झाले. चारशे पृष्ठांची कादंबरी अडीच तासांत बसवण्यासाठी तिचे संपादन करावे लागते, निवेदनाचा कोणता भाग गाळला तर संवाद उघडे पडतात आणि कोणता ठेवला तर ते अडखळतात याचा निर्णय घ्यावा लागतो. वाचकाला पान उलटताना श्वास तोडता येत नाही. दुसऱ्याचे वाक्य चालू असताना त्याने आपला चेहरा त्या वाक्याला प्रतिसाद देत ठेवायचा असतो, मात्र हातवारे करायचे नसतात. सगळा अभिनय गळा आणि चेहरा यांत गोळा होतो. दूरचित्रवाणीच्या मालिकेत छातीपासून वरच्या भागावर कॅमेरा रोखून जे चित्रण सर्वाधिक वेळ चालते, त्याची याहून चांगली पूर्वतयारी कोणत्याही अभ्यासक्रमात मिळाली नसती.

मावळात दूरचित्रवाणी पोहोचली तीही एका किल्ल्यावरून. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. पहिल्या दशकात नाटके, 'गजरा'सारखे कार्यक्रम आणि शेतकऱ्यांसाठीची माहिती यांवर भर होता. अनेक भागांत चालणारी कथा हा प्रकार रुजायचा होता. तो रुजण्यामागे मेक्सिकोचा संबंध आहे. मेक्सिकोत १९५८ पासून 'तेलेनोव्हेला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिका प्रसारित होत होत्या. अमेरिकेतील मालिका वर्षानुवर्षे लांबत जातात. तेलेनोव्हेलाला मात्र कादंबरीसारखा ठरलेला शेवट असतो आणि काही महिन्यांत ती संपते. सत्तरच्या दशकात मिगेल साबिदो या मेक्सिकन निर्माता-दिग्दर्शकाने प्रौढ साक्षरता आणि कुटुंबनियोजन हे विषय अशा मालिकांत गुंफले आणि त्याचा समाजावर होणारा परिणाम शासकीय पातळीवर लक्षात घेतला गेला. १९८२ मध्ये तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री आणि वर्ध्याचे खासदार वसंत साठे यांनी मेक्सिकोला भेट दिली, हा प्रयोग जाणून घेतला आणि त्यातून ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' ही दूरदर्शनवरील पहिली दीर्घ मालिका सुरू झाली. दीडशेहून अधिक भाग चाललेल्या या मालिकेने मालिका-अभिनेता हा एक नवा व्यवसाय भारतात निर्माण केला. रंगभूमीवरचा नट प्रेक्षकाला वर्षातून एकदा दिसे, चित्रपटातला त्याहून दूर असे, पण हा नवा नट ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी घरात येऊ लागला.

मराठीत या व्यवसायाने सुरुवातीला साप्ताहिक रूप घेतले. एका तिमाहीचे तेरा आठवडे, म्हणून तेरा भाग, हे दूरदर्शनच्या मंजुरीचे परिमाण होते. निर्माता संपूर्ण संहिता सादर करी, मंजुरी मिळाल्यावर चित्रण होई आणि अभिनेत्याला आपल्या पात्राचा शेवट पहिल्या दिवसापासून ठाऊक असे. ही मर्यादा अनेकांना जाचक वाटली, परंतु कादंबरीच्या रूपांतराला तिचा फायदाच झाला. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' या १९६२ च्या कादंबरीवरील मालिका हे त्याचे ठळक उदाहरण. तिचे दिग्दर्शक गजानन जागीरदार यांनी १९४४ साली प्रभातच्या 'रामशास्त्री' चित्रपटाचे दिग्दर्शन करून शीर्षकभूमिकाही केली होती. उत्तर पेशवाईच्या कालखंडाशी त्यांचे नाते चार दशकांचे होते. माधवराव पेशव्यांच्या भूमिकेसाठी रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेसाठी सोळा वर्षांच्या मृणाल देव यांची निवड झाली.

रमाबाईंची भूमिका वरवर पाहता सोपी वाटते, कारण कथेतील राजकारणात तिला निर्णय घ्यायचे नाहीत. पानिपतानंतरच्या पडझडीत सोळाव्या वर्षी गादीवर आलेला पती, त्याचे चुलते राघोबादादांशी असलेले वैर, सासूबाई गोपिकाबाईंचा करारीपणा आणि पुढे क्षयाने खंगत गेलेला देह हे सारे तिने पाहायचे आहे आणि १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे पतीमागे सती जायचे आहे. पाहणाऱ्या पात्राचा अभिनय प्रतिसादाचा असतो. अभिवाचनात दुसऱ्याचे वाक्य चालू असताना चेहरा जागा ठेवण्याची जी शिस्त सांगितली, तिचा उपयोग येथे झाला असे अनुमान करण्यास जागा आहे. नवख्या अभिनेत्रीने एकाही दृश्यात अनावश्यक हालचाल केली नाही ही बाब त्या काळातील प्रेक्षकांच्या लक्षात राहिली. सतीच्या प्रसंगाचे उदात्तीकरण करण्याचा दोष या कथेच्या सर्वच रूपांना काही प्रमाणात लागू पडतो आणि तो नोंदवणे आवश्यक आहे. परंतु त्याची जबाबदारी लेखनाची आहे.

एवढ्या यशानंतरही मृणाल देव यांनी अभिनय हा व्यवसाय म्हणून लगेच स्वीकारला नाही. त्यांनी पुणे विद्यापीठातून भाषाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९९४ च्या सुमारास पूर्णवेळ अभिनयाकडे वळण्याचा निर्णय केला. त्याच वर्षी संजय खान यांची 'द ग्रेट मराठा' ही हिंदी मालिका दूरदर्शनवर आली. तिच्यात शाहबाझ खान यांनी महादजी शिंदे यांची, तर मृणाल कुलकर्णी यांनी अहिल्याबाई होळकर यांची भूमिका केली. या मालिकेचा मावळशी असलेला संबंध प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने सांगणे योग्य होईल.

महादजींच्या अखिल भारतीय कीर्तीचा पाया ज्या विजयांनी घातला गेला त्यांपैकी एक प्रमुख विजय मावळातच मिळाला. राघोबादादांना पेशवेपदी बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रजी फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून खंडाळ्यावर आली. मराठ्यांनी तिला सरळ लढाई न देता वाटेतली गावे रिकामी केली, चारा जाळला, रसद तोडली आणि दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरून मारा चालू ठेवला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या धाडसामुळे शत्रुपक्षातही 'इष्टुर फाकडा' म्हणून त्याची ख्याती झाली होती. ९ जानेवारीस ही फौज तळेगावी पोहोचली तेव्हा गाव जाळून ओसाड केलेले होते. पुणे केवळ एक-दोन मजलांवर राहिले असताना सेनानींनी माघारीचा निर्णय घेतला, अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि रात्रीच्या अंधारात परतीची वाट धरली. वडगावात मराठ्यांनी त्यांना गाठले आणि १६ जानेवारीस तहावर सह्या झाल्या. महादजी या तहाच्या वाटाघाटींतील सर्वांत वजनदार मराठा सरदार होते आणि वडगाव मावळ येथे त्यांचे स्मारक उभारलेले आहे. ज्या गावाच्या जळण्याने हा विजय शक्य झाला, त्या गावातील लेखकाची नात महादजींच्या जीवनावरील मालिकेत दिसावी हा योगायोग आहे. मात्र राज्यकारभार करणारी विधवा स्त्री ही तिच्या वाट्याला आलेली भूमिका पुढील कारकिर्दीची दिशा ठरवणारी निघाली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी उपग्रह वाहिन्या आल्या आणि व्यवसायाचे स्वरूप पालटले. मुंबई दूरदर्शनवरील 'दामिनी'ने मराठीत रोज प्रसारित होणाऱ्या मालिकेचा पायंडा पाडला होता. १९९९ मध्ये सुरू झालेल्या अल्फा मराठीने आणि २००० मध्ये आलेल्या ई टीव्ही मराठीने तो सार्वत्रिक केला. मृणाल कुलकर्णी यांना देशभरच्या मुलांनी ओळखले ते २००० ते २००४ या काळात स्टार प्लसवर चाललेल्या 'सोन परी' या हिंदी मालिकेतील परी म्हणून, आणि मराठी घरांनी आपले मानले ते २००२ पासून अल्फा मराठीवर आलेल्या 'अवंतिका'मुळे. स्मिता तळवलकर यांची निर्मिती आणि संजय सूरकर यांचे दिग्दर्शन असलेल्या या मालिकेतील अवंतिका ही विवाहातील विश्वासघाताला सामोरी जाऊन स्वतःचे आयुष्य नव्याने उभारणारी स्त्री होती. याच वर्षी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग संपूर्ण खुला झाला. पुण्यात घर आणि मुंबईत चित्रण अशी दुहेरी व्यवस्था पुण्याच्या कलावंतांना पूर्वी रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतावी लागे. आता ती मोटारीच्या प्रवासावर आली, आणि लोणावळा हे पुणेकर नटांच्या दिनक्रमातले मधले ठिकाण झाले.

दैनंदिन मालिकेचे काम कसे चालते हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण प्रेक्षकाला दिसणाऱ्या बावीस-तेवीस मिनिटांमागची मेहनत बहुधा अदृश्य राहते. प्रसारणापूर्वी तयार असलेल्या भागांच्या साठ्याला या व्यवसायात 'बँक' म्हणतात. ती आटली की त्याच दिवशी चित्रित झालेले दृश्य संध्याकाळी संकलित होऊन रात्री दाखवावे लागते. दृश्ये कथेच्या क्रमाने न घेता जागेच्या क्रमाने घेतली जातात, म्हणजे दिवाणखान्यातील चार वेगवेगळ्या भागांतली दृश्ये एकापाठोपाठ होतात आणि अभिनेत्रीला साडी बदलण्याच्या दहा मिनिटांत पात्राची मनःस्थितीही तीन आठवडे पुढे किंवा मागे न्यावी लागते. कपाळावरची टिकली, मंगळसूत्राची बाजू, पदर कोणत्या खांद्यावर होता यांची नोंद ठेवणारा सहायक असतो आणि या नोंदीला 'कंटिन्युटी' म्हणतात. परंतु आवाजाची पट्टी कोणती होती याची नोंद कोणी ठेवत नाही, ती अभिनेत्रीनेच स्मरणात ठेवायची असते. संवादाची पाने अनेकदा सेटवरच हाती पडतात. मेक्सिकोतील तेलेनोव्हेलांत यावर उपाय म्हणून कानात बसणाऱ्या छोट्या यंत्रातून संवाद पुरवण्याची पद्धत रूढ झाली, आणि तेथील बलाढ्य तेलेविसा कंपनीने कलावंतांच्या प्रशिक्षणासाठी स्वतःची संस्थाही चालवली. मराठी मालिकेकडे यांपैकी काही नव्हते. तिला नट मिळाले ते राज्य नाट्य स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि तळेगावच्या 'कलापिनी'सारख्या गावोगावच्या हौशी संस्था यांतून, आणि पाठांतराचा भार त्यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीवर उचलला. वाहिन्यांच्या भरभराटीचे श्रेय तंत्रज्ञानाला आणि भांडवलाला दिले जाते. या तयार नटवर्गाला ते पुरेसे दिले गेलेले नाही.

२४ नोव्हेंबर २००८ रोजी स्टार प्रवाह ही वाहिनी सुरू झाली आणि तिच्याबरोबर नितीन देसाई यांची निर्मिती असलेली 'राजा शिवछत्रपती' ही मालिका आली. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत अमोल कोल्हे आणि जिजाबाईंच्या भूमिकेत मृणाल कुलकर्णी होत्या. घाटाखाली कर्जतजवळ देसाई यांनी उभारलेल्या स्टुडिओत गड, वाडे आणि दरबार रचले गेले. राजमाचीच्या माथ्यावरून जो मुलूख खाली पसरलेला दिसतो, त्याच मुलखात मावळच्या इतिहासाची ही प्रतिकृती होती. जिजाबाईंचे पात्र रंगवताना आधीच्या चित्रपटांनी आणि नाटकांनी दोन टोके रूढ केली होती: एक अश्रू ढाळणारी सोशिक माता, दुसरी प्रत्येक वाक्य घोषणेसारखे उच्चारणारी वीरमाता. मृणाल कुलकर्णी यांनी या दोहोंच्या मधली जागा शोधली. मावळ्यांशी बोलताना त्यांचा स्वर खाली येतो, वाक्ये आखूड होतात आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने चौकशी करावी तसा त्यात जिव्हाळा असतो. सरदारांशी बोलताना तोच स्वर न वाढता फक्त सावकाश होतो. आवाज न चढवता अधिकार दाखवणे अवघड असते. गोनीदांच्या शिवकालीन कादंबऱ्यांतील संवाद वर्षानुवर्षे वाचलेल्या गळ्याला ते साधले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

या भूमिकेचे यश पुढे सवयीसारखे झाले. दिग्पाल लांजेकर यांच्या 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२) या चित्रपटांत जिजाबाई त्याच होत्या. एका पिढीच्या मनात जिजाबाई म्हटले की हाच चेहरा येतो, हे अभिनेत्रीच्या दृष्टीने मोठे संचित आहे; इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यात एक धोका आहे. जिजाबाईंचे आयुष्य सिंदखेड, शिवनेरी, पुणे, राजगड आणि पाचाड असे बदलत गेले, त्यांनी न्यायनिवाडे केले आणि महाराज आग्र्याला गेले असता राज्यकारभार पाहिला. चित्रपटात ही कर्तबगारी बहुधा मोहिमेपूर्वीच्या आशीर्वादाच्या आणि नंतरच्या ओवाळण्याच्या दृश्यात आक्रसते. मालिकेच्या दीर्घ अवकाशाने जे दिले होते, ते दोन तासांच्या चित्रपटाने काढून घेतले.

अभिनेत्रीला याची जाणीव असावी, असे त्यांनी २०१४ साली दिग्दर्शित केलेल्या 'रमा माधव' या चित्रपटावरून वाटते. त्यांनी ज्या कथेतून पदार्पण केले होते तिच्याकडे त्या दिग्दर्शक म्हणून परतल्या. रमाबाईंची भूमिका पर्ण पेठे यांना आणि माधवरावांची आलोक राजवाडे यांना दिली, 'स्वामी'तील माधवराव, म्हणजे रवींद्र मंकणी, येथे नानासाहेब पेशवे झाले आणि स्वतः मृणाल कुलकर्णी यांनी गोपिकाबाईंची भूमिका घेतली. सुनेच्या जागेवरून सासूच्या जागेवर झालेले हे स्थलांतर वयानुसार आलेले असले, तरी त्याने कथेचा कोन बदलला. पतीच्या आणि थोरला मुलगा विश्वासराव याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या मुलाची सत्ता आपल्या सल्ल्याने चालावी असा आग्रह धरणारी आणि अखेरीस नाशिकजवळ गंगापूर येथे जाऊन राहणारी ही स्त्री मराठी कथावाङ्मयात बहुतेक वेळा कारस्थानी म्हणून येते. येथे तिच्या कठोरपणाला दुःखाची बाजू मिळाली.

गोपिकाबाईंपर्यंत पोहोचलेल्या या कथनाने तळेगावची एक बाजू मात्र अद्याप पुरेशी उजेडात आणलेली नाही. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीतच तळेगावच्या उमाबाई दाभाडे यांच्या सत्तेचा अस्त झाला. पती खंडेराव दाभाडे यांना १७१७ साली शाहू महाराजांकडून सेनापतिपद मिळाले होते. १७२९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत थोरल्या बाजीरावांशी लढताना पुत्र त्र्यंबकराव ठार झाले. शाहू महाराज हे वैर मिटवण्यासाठी स्वतः तळेगावी आले. धाकटी मुले अल्पवयीन असल्याने सेनापतिपदाचा कारभार उमाबाईंनी हाती घेतला, १७३२ मध्ये अहमदाबादवर स्वारी केली आणि पुढे ताराबाईंचा पक्ष घेऊन पेशव्यांना विरोध केला. १७५१ मध्ये त्यांचे सरदार दमाजी गायकवाड कैद होऊन लोहगडावर ठेवले गेले, दाभाड्यांची जहागीर गेली आणि १७५३ मध्ये उमाबाईंचे निधन झाले. पेशव्यांच्या बाजूने सांगितलेल्या कथेत हे घराणे अडथळा म्हणून येते आणि शिवकालाच्या कथेत त्याला जागाच नसते. चोवीस वर्षांच्या या चरित्राला सातशे भागांच्या मालिकेत पाणी घालावे लागेल आणि दोन तासांच्या चित्रपटात ते केवळ डभईच्या रणांगणापुरते उरेल. दूरदर्शनच्या काळातील तेरा भागांचा आकार त्याला नेमका बसतो, आणि आता इंटरनेटवरील वाहिन्यांनी आठ-दहा भागांच्या मर्यादित मालिका पुन्हा सुरू केल्या असल्याने तो आकार निर्मात्यांच्या हाती आलेला आहे. अशा मालिकेतील उमाबाई कोणत्या वयापासून दाखवायच्या, दाभाडे आणि पेशवे या दोन्ही घराण्यांची कागदपत्रे समोरासमोर ठेवून डभईचा दोष कोणाकडे द्यायचा आणि तळेगावच्या बाईच्या तोंडी मावळची बोली घालायची की दरबारी मराठी, हे प्रश्न लेखकाला चित्रणापूर्वीच सोडवावे लागतील.